बीडला कुठं आलाय बीच?

कॅमेरा उचलला की कोकण गाठायचं, हे आपलं ठरलेलं. यंदा जरा उलट्या दिशेला वळून बघा. समुद्रापासून साधारण तीनशे किलोमीटर आत एक जिल्हा आहे. तिथे पाणी आहे, पक्षी आहेत, मोर आहेत, धबधबे आहेत. आणि हो, भरती-ओहोटीसुद्धा आहे!

प्रत्येक ऑफिसात एक तरी असा नग असतोच. दिवाळीच्या बोनसमध्ये कॅमेरा घेतो, मग ईएमआयवर लेन्स घेतो आणि शुक्रवारी दुपारपासूनच त्याचं घड्याळाकडे लक्ष लागतं. ‘कुठे रे या विकएण्डला?’ असं विचारलं, की उत्तर ठरलेलं. वेळास. नाहीतर आंजर्ले. गेला बाजार तारकर्ली. सोमवारी चहाच्या मशीनपाशी फोटोंचं प्रदर्शन भरतं आणि आपण सगळे ‘वॉव’ म्हणतो.

यात चूक काहीच नाही. उलट, किनाऱ्यावरचं गाव फोटोग्राफीसाठी इतकं सोयीचं का असतं, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. वेळासचंच बघा. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ च्या सुमारास गावकऱ्यांना सोबत घेऊन तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायला सुरुवात केली. आज फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लं समुद्राकडे निघतात, तेव्हा बघायला पुण्या-मुंबईची गर्दी असते. राहायचं गावातल्याच घरात, जेवायचं तिथेच. किनारा चालत दहा मिनिटांवर. आणि पिल्लं कधी सोडणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत!

म्हणजे चांगल्या ‘बेस’साठी तीन गोष्टी लागतात. एक, पहाटे उठून अर्ध्या-पाऊण तासात पोचता येईल असं काहीतरी बघण्यासारखं. दोन, डोकं टेकायला लॉज आणि पहाटे चहा देणारी टपरी. आणि तीन, तिथलं वेळापत्रक पाठ असलेली माणसं. किनाऱ्यावर हे वेळापत्रक समुद्र ठरवतो. भरती कधी, ओहोटी कधी, कोळ्याची होडी कधी लागणार, त्यावर सगळं चालतं. तुम्ही फक्त त्याप्रमाणे गजर लावायचा.

आता मला सांगा, यातली कोणती गोष्ट समुद्राशिवाय मिळणार नाही?

भेगांच्या पलीकडे

बीडला मी पहिल्यांदा गेले ती २०२४ च्या मे महिन्यात, पाणीटंचाईच्या स्टोरीसाठी. फ्रीलान्सरला निघताना फोटोंची यादी दिली जाते, तशी मलाही मिळाली होती. भेगाळलेली जमीन, डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका, कोरडी विहीर. तुम्हीही हे फोटो शेकडो वेळा बघितले असतील. गुगलवर ‘बीड’ टाका, पहिल्या पानावर तेच येतील.

ते खोटे नाहीत. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण इतकं आटलं, की त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ते धरण बीड जिल्ह्यातच, केज तालुक्यात धनेगावला आहे. पण मे महिन्यात काढलेला फोटो वर्षभर चालवला, की वाचणाऱ्याला वाटतं हा जिल्हा बाराही महिने तसाच असतो. आणि मग सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टी होते, याच जिल्ह्यात गावं पाण्याने वेढली जातात, आणि आपण पुण्यात बसून विचारतो, ‘अरे, तिथे तर दुष्काळ होता ना?’

त्या पहिल्या फेरीत गेवराईजवळच्या एका टपरीवर चहा घेत होते. टपरीवाले मामा माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, ‘ताई, तुमी सगळे उन्हाळ्यातच का येता? पानी आल्यावर या की एकदा.’

गेले. ऑगस्टमध्ये गेले, नोव्हेंबरमध्ये गेले, मग पुन्हा जानेवारीत. आणि लक्षात आलं, की इथेही भरती-ओहोटी आहे. फक्त कोकणात ती दिवसातून दोनदा येते. बीडला वर्षातून एकदाच! जूनमध्ये पाणी चढायला लागतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात काठोकाठ होतं आणि दिवाळीनंतर हळूहळू उतरत मे महिन्यात तळाला जातं. हे एकदा डोक्यात बसलं, की कधी कुठे मुक्काम करायचा हे आपोआप ठरतं.

नकाशा थोडक्यात समजून घ्या. जिल्ह्याच्या मधोमध बालाघाटचे डोंगर आडवे पसरलेत. वर पठार, घाट आणि दऱ्या. उत्तरेला गोदावरी, जी इथल्या लोकांच्या तोंडी सरळ ‘गंगा’ असते. तिच्या काठचा सपाट, काळ्या मातीचा पट्टा म्हणजे गंगथडी. म्हणजे एकाच जिल्ह्यात डोंगरही आणि नदीकाठही. लॅण्डस्केपवाल्यांना आणखी काय हवं?

भरती : पाटोदा आणि सौताडा

पावसाळ्यात मुक्काम डोंगराकडे. बीड शहर किंवा नगर रस्त्यावरचं जामखेड, दोन्हीकडे साधे, स्वच्छ लॉज मिळतात. (जामखेड अहिल्यानगर जिल्ह्यात येतं, पण सौताड्याला तेच जवळ.) स्विमिंग पूल, बुफे ब्रेकफास्ट वगैरे विसरा. गरम पाण्याची बादली पहाटे पाचला मिळाली, की स्वतःला नशीबवान समजा.

पाटोदा तालुक्यातला सौताड्याचा धबधबा ज्याने पावसाळ्यात बघितलाय, तो बीडला ‘कोरडं’ म्हणायला धजावणार नाही. पठारावरून वाहत आलेली विंचरणा नदी इथे अचानक खोल दरीत उडी घेते. खाली दरीत रामेश्वराचं मंदिर. वरून बघितलं तर हिरव्या दरीच्या तळाशी मंदिराचा कळस दिसतो आणि बाजूला पांढरी शुभ्र धार. तिन्ही गोष्टी एका फ्रेममध्ये बसवायच्या तर वाइड लेन्स हवी. पाण्याचा तो दुधाळ परिणाम हवा असेल तर ट्रायपॉड लावा, शटर अर्ध्या सेकंदावर आणा आणि ढगाळ दिवस निवडा. कडक उन्हात पाणी नुसतं पांढरं फटक येतं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. श्रावणात, त्यातही सोमवारी, इथे जत्रेसारखी गर्दी असते. फोटो हवा असेल तर मधल्या वारी, सकाळी सातच्या आत. आणि कड्याच्या टोकाला जाऊन सेल्फी? अजिबात नाही. शेवाळलेला दगड कुणाचेच लाड करत नाही.

बीडहून वीसेक किलोमीटरवर कपिलधार आहे. मांजरसुंब्याकडून आत वळायचं. वीरशैव संत मन्मथस्वामींची इथे समाधी आहे आणि शेजारीच धबधबा. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला दुरून पायी दिंड्या येतात. निसर्ग आणि माणसं दोन्ही एका फ्रेममध्ये हवी असतील तर तो मुहूर्त गाठा. फक्त समाधीपाशी दर्शनाला आलेल्या माणसांच्या तोंडासमोर लेन्स धरू नका. थोडं लांब उभं राहिलं, तर फोटो चांगलाच येतो.

आणि मोर! पाटोदा तालुक्यातच नायगावचं मयूर अभयारण्य आहे. १९९४ मध्ये जाहीर झालेलं, साधारण तीस चौरस किलोमीटरचं. नावावरून डोळ्यांसमोर घनदाट जंगल आणू नका. इथे आहे खुरटं, झुडपी रान, मध्येच नाले, मध्येच माळ आणि डोंगराचे उतार. मोराला हेच आवडतं. दाट जंगलात त्याला तो पिसारा घेऊन पळायचं कसं?

मोराच्या फोटोचंही वेळापत्रक असतं आणि ते चुकलं की फेरी वाया गेलीच म्हणून समजा. पावसाच्या आधी आणि पावसाच्या सुरुवातीला, म्हणजे मे अखेरीपासून जुलैपर्यंत, नर पिसारा फुलवतो. पावसाळा सरत आला की त्याची लांब पिसं गळायला लागतात. हिवाळ्यात गेलात तर शेपटी नसलेला, जरा खट्टू दिसणारा मोर भेटेल. (नवी पिसं यायला वेळ लागतो. बिचाऱ्याचा ऑफ सीझन!) मी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेले होते. सकाळी सहाला पोचू असा बेत होता. आदल्या संध्याकाळी वाटेत शेळ्या घेऊन निघालेले एक आजोबा भेटले. म्हणाले, ‘सहाला येऊन काय करताव बाई? उजाडायच्या आत झाडावरून उतरतेत ते. सहाला तर चरत चरत पार तिकडं गेलेले असतेत.’

त्यांचं ऐकलं आणि पाचला पोचले. उजेड इतका कमी, की आयएसओ ३२०० वर न्यावा लागला. फोटोत दाणे दिसतात, कबूल. पण माळावर एक लांडोर समोर उभी आहे, तिचं लक्ष भलतीकडेच आहे आणि मागे हे महाशय सगळा पसारा मांडून थरथरतायत, असा तो फोटो आहे. ऑफिसातल्या प्रत्येक सिंगल मुलाने तो स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला!

इथे दोन पथ्यं पाळा. मोर हा राष्ट्रीय पक्षी आहे आणि वन्यजीव कायद्याने त्याला कडक संरक्षण आहे. धान्य टाकून जवळ बोलावणं, मोबाइलवर आवाज लावून फसवणं, पिल्लांमागे धावणं, हे करायचं नाही. दुसरं म्हणजे वनखात्याच्या माणसाला विचारल्याशिवाय आत शिरू नका आणि अंधारात एकटे फिरू नका. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये शेजारच्याच आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली. ती शेतात कामाला गेलेली माणसं होती. आपण हौसेने जाणार, तर निदान काळजी तरी घ्यावी.

काठोकाठ : बीड शहर

पाऊस थांबतो, आकाश निवळतं आणि ऑक्टोबर उजाडतो. हा महिना खुद्द बीड शहरासाठी ठेवा. होय, शहरासाठीच. बसस्टॅण्डवरची धूळ आणि हॉर्न सहन केलेत, की बक्षीस मिळतं.

कंकालेश्वराचं मंदिर पाण्याच्या कुंडात मधोमध उभं आहे. काळ्या दगडाचं, जुनं, कोरीव. पाणी भरलेलं असताना सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा अख्खं मंदिर उलटं पाण्यात दिसतं. उन्हाळ्यात हा फोटो मिळेलच असं नाही, कारण तेव्हा पाणीच खाली गेलेलं असतं. शहराजवळची खजाना विहीर मात्र अगदी वेगळी. निजामशाहीच्या काळात, १५८२ च्या सुमारास बांधलेली. आत भुयारी मार्गांनी पाणी खेळवलंय आणि तिचं पाणी आटत नाही, अशी तिची ख्याती आहे. चारशे वर्षांपूर्वी इंजिनीअरिंगची डिग्री नसताना इथल्या लोकांनी पाण्याचा एवढा अभ्यास केला होता, हे बघून आपण जरा गप्पच होतो.

याच दिवसांत पठारावर गेलात तर गवताचा रंग हिरव्यातून सोनेरी व्हायला लागलेला असतो. मांजरसुंब्याच्या घाटात आणि पाटोद्याकडच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. सूर्य कलला की त्यांच्या लांबलचक सावल्या माळावर फिरतात. वाटेत पाट्या घेऊन बसलेल्या बायकांकडे सीताफळं मिळतात. बालाघाटच्या डोंगरातल्या या फळाला ‘बीडचं सीताफळ’ म्हणून जीआय मानांकन आहे. फोटो काढायचा तर काढा, पण आधी किलोभर विकत घ्या. भाव करू नका, प्लीज. मॉलमध्ये करतो का?

ओहोटी : माजलगाव, गेवराई आणि चक्क एक सागर

दिवाळीनंतर पाणी उतरायला लागतं आणि आपल्या किनाऱ्याचा खरा सीझन सुरू होतो. धरणाचं पाणी मागे सरकलं, की काठावर ओला गाळ उघडा पडतो. त्या गाळात किडे, शिंपले, कोवळं गवत. हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्यांसाठी हाच बुफे! काठावरचे शेतकरीही त्याच गाळात पेरणी करतात, त्याला गाळपेर म्हणतात. एका बाजूला हरभऱ्याची हिरवी रोपं, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये पाखरं. असा फोटो कोकणात मिळणार नाही.

माजलगावचं धरण सिंदफणा नदीवर आहे. ही गोदावरीची उपनदी. धरणाचा फुगवटा लांबवर पसरलेला आहे आणि हिवाळ्यात तिथे बदकं, करकोचे, बगळे यांची वर्दळ असते. माजलगावात राहायची सोय आहे, पहाटे चहा मिळतो आणि काठावर मासेमारी करणारे भेटतात. वेळापत्रक त्यांना विचारा. कुठल्या कोपऱ्यात पाखरं बसतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

गेवराई गाठलीत तर गोदावरी जवळ. राक्षसभुवनचं शनिमंदिर नदीकाठीच आहे. पहाटेचं धुकं, घाटाच्या पायऱ्या, पाण्यावर झेपावणारे नदी सुरय. सुरय हा पक्षी उन्हाळ्याच्या तोंडावर नदीतल्या वाळूच्या बेटांवर उघड्यावरच अंडी घालतो. ना घरटं, ना झाड. वाळूच त्याचं घर. आणि गोदावरीच्या या पट्ट्यातला वाळूउपसा हा बातम्यांचा कायमचा विषय. जिथून ट्रक भरून वाळू जाते, तिथे अंडी कशी टिकणार? तुमच्या-माझ्या सोसायटीच्या टॉवरमध्येही कुठल्या तरी नदीची वाळू आहे. सुरयचा फोटो बघताना हे आठवलं, की तो नुसता ‘क्यूट’ राहत नाही.

आता तो सागर. गेवराईहून तास-दीड तासावर, जिल्ह्याची हद्द ओलांडून, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठण आहे. तिथलं जायकवाडी धरण. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. त्याच्या जलाशयाचं नाव आहे नाथसागर, एकनाथ महाराजांच्या नावावरून. नाव उगीच दिलेलं नाही. पन्नासहून जास्त किलोमीटर लांब पसरलेलं हे पाणी पैठणच्या पश्चिमेला आहे. म्हणजे संध्याकाळी तुम्ही काठावर उभे असता आणि समोर सूर्य थेट पाण्यात बुडतो. पलीकडचा काठ नीट दिसतही नाही. फोटो कुणालाही दाखवा, ‘गणपतीपुळे का?’ असंच विचारतील.

हा जलाशय खोल कमी आणि पसरट जास्त आहे. म्हणून पाणी थोडं उतरलं तरी बराच मोठा काठ उघडा पडतो, आणि म्हणूनच पक्षी इथे येतात. १९८६ मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य झाला. क्षेत्र ३४१ चौरस किलोमीटर. हिवाळ्यात इथे चक्रवाक, पट्टकदंब, तलवार बदकं, करकोचे येतात आणि नशीब जोरावर असेल तर रोहितही, म्हणजे आपले फ्लेमिंगो. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला एक पाणपक्षी इथे थव्याने दिसतो. इंग्रजीत त्याला कूट म्हणतात. मराठीत काय म्हणतात माहितेय? वारकरी! नाथांच्या गावाला यापेक्षा शोभणारा पक्षी सापडेल का?

काठावर धावत जाऊन थवा उडवायचा आणि मग फोटो काढायचा, हा प्रकार मी दोनदा बघितला. फोटो भारी येतो, मान्य. पण हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला खाऊ न देता पुन्हा उडवणं म्हणजे नाइट शिफ्ट करून झोपलेल्या माणसाला गजर लावून उठवणं. त्यापेक्षा काठावर बूड टेकून बसा. अर्ध्या तासात पाखरं तुम्हाला विसरतात आणि आपणहून जवळ येतात. मोठी लेन्स नसेल तरी चालतं, ७०-३०० ची साधी झूम पुरते. ट्रायपॉडऐवजी कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरून न्या आणि त्यावर लेन्स टेकवा. फोटो हलत नाही आणि घरी आल्यावर खिचडी होते! धरणाच्या भिंतीवर मात्र परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. उगीच सुरक्षारक्षकांशी हुज्जत कशाला?

माणसांची भरती-ओहोटी

नोव्हेंबरच्या फेरीत मी डोंगरपट्ट्यातल्या एका छोट्या गावात थांबले होते. दुपारचे बारा वाजलेले. अर्ध्याहून जास्त घरांना कुलपं. ओट्यावर एक म्हातारी आणि तिच्या मांडीवर नातू. कॅमेऱ्यासाठी ‘मूडी’ फ्रेम होती. रिकामा बोळ, निळा दरवाजा, त्यावर कुलूप. आपल्याकडे असे फोटो ‘द सायलेन्ट व्हिलेज’ वगैरे नावाने खूप लाइक्स मिळवतात.

म्हातारीला विचारलं, ‘आजी, सगळे कुठे गेले?’

‘कारखान्याला. ऊस तोडाया. आता पाऊस पडायच्या टायमाला येतेत.’

बीडचे लाखो लोक दर दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हिशेब असतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोड. लेकरं सोबत गेली तर शाळा बुडते, मागे राहिली तर आजीच्या मांडीवर. आणि जायचं का, तर डोंगरपट्ट्यात दिवाळीनंतर शेताला पाणी नसतं म्हणून.

तेव्हा कुठे सगळं एकात एक बसलं. पाणी उतरतं तेव्हा पाखरं येतात. पाणी उतरतं तेव्हाच माणसं जातात. जूनमध्ये पाणी परत येतं, माणसंही परततात. वर्षातून एकदाच भरती, एकदाच ओहोटी. माझ्या फ्रेममधली ती ‘सुंदर शांतता’ ही या ओहोटीची शांतता होती.

याचा अर्थ जाऊ नका असा नाही. जाच! पण दोन दिवसांत सात स्पॉट उरकायच्या हिशेबाने जाऊ नका. एकदा भरतीला जा, एकदा ओहोटीला जा, आणि दोन्ही वेळचे फोटो शेजारी शेजारी ठेवा. बीडचा एकटा हिरवा फोटो जितका अर्धवट, तितकाच एकटा भेगांचा. वेळासला जसं आपण गावकऱ्यांच्या घरात राहतो, त्यांना चार पैसे मिळतात आणि म्हणून कासवं जपणं त्यांनाही परवडतं, तसं इथे झालं तर? नायगावला, सौताड्याला, माजलगावच्या काठावर चार घरांनी पाहुणे ठेवले आणि दोन पोरं पक्षी दाखवायला उभी राहिली, तर कदाचित दोन-चार कुलपं कमी लागतील. फोटोग्राफरांच्या एका टोळीने ऊसतोड थांबणार नाही, हे मलाही कळतं. पण वेळासची सुरुवातही एका संस्थेने आणि मूठभर माणसांनीच केली होती.

आणि तो कुलपाचा फोटो? काढला. पण त्याच्याखाली गाव ‘शांत’ आहे असं लिहिलं नाही. माणसं कुठे गेली आहेत, ते लिहिलं.

जाताय ना? मग एवढं बघा

कसं जाल : पुण्या-मुंबईहून बीडला एसटी आणि रात्रीच्या खासगी बस भरपूर. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड-अहिल्यानगर रेल्वेही धावतेय. हिची वाट बीडकरांनी अनेक वर्षं बघितली. वेग बेताचा, पण खिडकीतून बालाघाटची माळरानं फुकट बघायला मिळतात. जिल्ह्यात फिरायला स्वतःची गाडी बेस्ट. नाहीतर एसटी आणि काळी-पिवळी जिंदाबाद.

कधी जाल : मोरांसाठी मे अखेर ते जुलै. धबधब्यांसाठी ऑगस्ट-सप्टेंबर, पण अतिवृष्टीचा इशारा असेल तर सरळ बेत रद्द. गवत आणि मंदिरांसाठी ऑक्टोबर. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी.

मुक्काम कुठे : डोंगरासाठी बीड किंवा जामखेड, पाण्यासाठी माजलगाव, गेवराई किंवा पैठण. हाताशी चौथा दिवस असेल तर अंबाजोगाई. तिथली योगेश्वरी ही कितीतरी कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता. म्हणजे कोकणातली माणसं पिढ्यान् पिढ्या बीडला येतायत, बीच नसतानाही!

काय खाल : ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि येसरची आमटी. ‘कमी तिखट करा’ असं सांगून बघा. फरक पडेल याची खात्री नाही.

काय न्याल : टोपी, दोन बाटल्या पाणी, जास्तीची बॅटरी, लेन्स पुसायचं कापड आणि मळकट रंगाचे कपडे. लाल टी-शर्ट घालून पाखरांना भेटायला जाऊ नये.

काय आणाल : सीताफळं. आणि ज्यांचे फोटो काढलेत, त्यांचे पत्ते. प्रिंट काढून पाठवायला वीस रुपये लागतात. पुढच्या वेळी गेलात, की चहाचे पैसे कुणी घेत नाही. स्वानुभव!